डिपॉझिट वाचतं ते पहिल्या दिवशी

बंगळुरात घर बघायला गेलं की भाड्यापाठोपाठ दुसरा आकडा कानावर येतो, ‘अ‍ॅडव्हान्स’चा. दोन-तीन महिन्यांच्या डिपॉझिटची सवय असलेला पुणेकर इथे चरकतो. दहा महिन्यांचं भाडं आगाऊ ठेवायची या शहराची जुनी रीत. हल्ली पाच-सहा महिन्यांवरही जमतं. वीस हजारांच्या वन बीएचकेला जुन्या हिशेबाने दोन लाख झाले. नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोराकडे एवढे पैसे कुठून असणार? घरच्यांची एफडी मोडते आणि रक्कम मालकाकडे बिनव्याजी जाऊन बसते.

केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा आहे. पण तो नुसता नमुना. राज्याने स्वतःचा तसा कायदा केल्याशिवाय त्याचा आधार मिळत नाही. त्यामुळे सगळी भिस्त करारावर.

ओळखीतला सांगलीकडचा एक मुलगा बीटीएम लेआउटमध्ये खोली ताब्यात घेत होता, तेव्हा मी सोबत होतो. सामान टेम्पोतच ठेवून त्याने आधी मोबाइल काढला आणि बाथरूमपासून सुरुवात केली. बोअरवेलच्या पाण्याने नळावर क्षारांचा पांढरा थर चढला होता, तो जवळून घेतला. फ्लश चालवून पाहिला. सिंकखालचा पाइप हाताने चाचपला, तर बोटं ओली. भिंतीवरची खिळ्यांची भोकं, खिडकीखालची ओल, बेडरूममधला सैल स्विच, शेवटी विजेच्या मीटरचं रीडिंग. दारात उभे असलेले मालक हसून म्हणाले, “एवढं काय शूटिंग?” तो म्हणाला, “अंकल, सोडताना दोघांनाही आठवायला बरं.” संध्याकाळी सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनाच पाठवलं. तारीख आपोआप पडली, आणि पाइपही दुरुस्त झाला.

मग करार. तो बहुधा अकरा महिन्यांचा असतो, कारण वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते. त्यात एक ओळ हमखास असते: सोडताना पेंटिंगसाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातल्या कलम १०८नुसार, वापराने होणारी साधारण झीज भाडेकरूच्या माथी येत नाही. पण त्याच कलमातले नियम करारात वेगळं ठरलं नसेल तरच लागू होतात. म्हणजे त्या ओळीखाली सही केली की तक्रारीला जागा उरत नाही. मालक ही ओळ काढायला तयार झाले नाहीत. मात्र साफसफाई त्यातच धरायची, वेगळी कापायची नाही, एवढं लिहून मिळालं. पैसे रोख न देता खात्यावर पाठवले, शेऱ्यात ‘डिपॉझिट’ लिहून.

परतीच्या वेळी खरी अडचण वेगळीच असते. बऱ्याच मालकांकडे ती रक्कम शिल्लकच नसते. कर्जाच्या हप्त्यात, लग्नकार्यात ती केव्हाच गेलेली. नव्या भाडेकरूचा अ‍ॅडव्हान्स आला की जुन्याचा फेडायचा, असा फेरा चालतो. अशा वेळी भिंतीवरचे डाग अचानक मोठे दिसू लागतात, कारण वादात वेळ निघतो. म्हणून नोटीस मुदतीत आणि लेखी द्यावी, नवी माणसं घर बघायला आली तर दार उघडावं. आपली जागा लवकर भरली तर आपले पैसे लवकर सुटतात. काहीजण शेवटच्या महिन्यांचं भाडंच थांबवतात. त्याने रक्कम वसूल होतेही, पण करार मोडल्याचं निमित्त आयतं मालकाच्या हाती जातं.

एका महिन्याच्या भाड्यासाठी कोर्टाची पायरी कोणी चढत नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. म्हणून किल्ली देतानाच पैसे परत, किंवा अमुक दिवसांच्या आत परत, हे करारात नसेल तर अ‍ॅडव्हान्स पाठवण्याआधी घालून घ्यावं. तोवर मालकाला भाडेकरू हवा असतो. पैसे खात्यावर पडले की घासाघीस करायला आपल्या हातात काही राहत नाही.