'ताबा' कोणाचा, अधिकार कोणाचा?

डीमनमधल्या मराठी जोडप्याचा घटस्फोट झाला, मूल आईकडे राहिलं, की आपण म्हणतो, 'ताबा आईला मिळाला.' डच कायद्यात मात्र हे दोन वेगळे प्रश्न आहेत: मूल राहतं कुठे आणि त्याचे निर्णय घेतं कोण? या निर्णयाधिकाराला 'खेझाख' म्हणतात. १९९८ पासून घटस्फोटानंतरही तो सहसा दोघांकडेच राहतो. आईवडिलांऐवजी तिसऱ्या कुणाकडे तो गेला, तर शब्दही बदलतो: 'फोखडै'.

म्हणून 'ताबा माझाच आहे' या भरवशावर मुलाला कायमचं पुण्याला नेता येत नाही. दुसऱ्या पालकाची संमती लागते, नाहीतर न्यायालयाची परवानगी. तशीच नेली, तर तो अपहरणाचा मामला होतो. शिवाय १९८०च्या हेग करारात भारत नाही. त्यामुळे मूल परत आणण्याची वाटही अवघड.