बूट, ब्रँड आणि मुरगळलेला घोटा

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादिकेनं लेख मागितला तेव्हा मी इंग्लिश विभागाकडे पळायच्या बेतात होते. 'घोटा' म्हणजे अँकल हे मला सेकंड इयरला कळलं, तेही माझाच घोटा मुरगळल्यावर, आजीकडून. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र माझ्या अगदी जवळचा आहे, म्हणजे माझ्या डाव्या पायाचा.

झालं असं, की मागच्या वर्षी इंटर-कॉलेज बास्केटबॉलसाठी टीममध्ये सिलेक्शन झालं आणि मी बाबांच्या मागे लागून साडेपाच हजारांचे ब्रँडेड शूज घेतले. उंच कॉलर, टाचेत हवेची गादी, डब्यावर 'अँकल सपोर्ट' असं ठळक लिहिलेलं. दुसऱ्याच मॅचला रिबाउंडसाठी उडी मारली, खाली येताना समोरच्या मुलीच्या पायावर पाय पडला आणि खल्लास! तीन आठवडे क्रेप बँडेज, वर आजीचा आंबेहळद-तुरटीचा लेप, आणि एका सबमिशनची बोंब. आमची कॅप्टन मात्र तीन वर्षं तेच साधे, रंग उडालेले शूज घालून खेळतेय आणि तिला काहीही झालेलं नाही.

एवढ्यावर मी विसरूनही गेले असते. पण यंदा टीममध्ये आलेली एक ज्युनिअर मला म्हणाली, "ताई, मी पण तुझ्यासारखेच शूज घेणार आहे. आई म्हणते दिवाळीचा बोनस आला की घेऊ." तिची आई एका कारखान्यात पॅकिंगला आहे. आणि तिला "बघ हं, स्वस्त शूज घालून खेळलीस तर पाय जाईल" असं सांगणारी मीच होते! त्या रात्री मला झोप लागली नाही. मी म्हटलं, आपण इंजिनिअर होणार ना, मग आधी बघू तरी की ब्रँडमुळे दुखापत खरंच कमी होते का. कॉलेज स्पोर्ट्सवर सगळ्यात जास्त मोजमाप अमेरिकेत झालंय, म्हणून शोध तिथूनच सुरू केला.

पहिल्याच मिनिटात फाटलेला बूट

२० फेब्रुवारी २०१९. ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना, अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधली आपल्या भारत-पाकिस्तानसारखी मॅच. प्रेक्षकांत बराक ओबामा. ड्यूकचा स्टार झायन विल्यमसन पहिल्याच मिनिटात वळायला गेला, त्याचा डावा बूट सोलपासून फाटून पाय बाहेर आला आणि उजवा गुडघा लचकला. बूट नाइकीचा, पीजी २.५ मॉडेल. दुसऱ्या दिवशी नाइकीचा शेअर साधारण एक टक्क्यानं घसरला.

झालं, सगळे म्हणायला लागले की ब्रँड वाईट. पण थांबा! झायनचं वजन होतं २८५ पौंड, म्हणजे जवळजवळ १२९ किलो. एवढं वजन वेगात असताना एका पायावर गर्रकन वळतं, तेव्हा सोल आणि वरचा भाग यांच्या जोडावर आडवा शिअर फोर्स येतो. जोड त्या लोडला टिकला नाही. आणि हाच मुलगा १४ मार्चला परत आला, तो नाइकीचेच, पण त्याच्यासाठी मजबूत करून घेतलेले बूट घालून. त्या मॅचमध्ये त्यानं बास्केटवर १३ शॉट मारले आणि १३ च्या १३ आत गेले! म्हणजे ब्रँड तोच, डिझाइन वेगळं. इथं मला पहिला धडा मिळाला: एका बुटावरून ब्रँड ठरत नाही. आपण एसओएमच्या लॅबमध्ये एकच स्पेसिमेन तोडून निष्कर्ष लिहिला तर सर जर्नल फेकून देतील.

मोजायचं कसं?

अमेरिकेत एनसीएए ही संस्था १९८२ पासून कॉलेज खेळाडूंच्या दुखापतींची नोंद ठेवते. त्यांचं एकक आहे 'अ‍ॅथलीट एक्स्पोजर', म्हणजे एका खेळाडूनं एक मॅच किंवा एक प्रॅक्टिस खेळली की एक एक्स्पोजर. १९८८-८९ ते २००३-०४ या १६ वर्षांत १५ खेळांमध्ये दर हजार एक्स्पोजरमागे मॅचमध्ये १३.८ आणि प्रॅक्टिसमध्ये ४ दुखापती झाल्या. सगळ्यात जास्त दुखापत होणारा अवयव कोणता? आपला घोटा! एकूण दुखापतींपैकी १५ टक्के घोट्याच्या लिगामेंटच्या.

मग यातून ब्रँडप्रमाणे आकडे काढायला काय हरकत आहे? हरकत अशी, की तिकडे अख्ख्या कॉलेजचा एकाच कंपनीशी करार असतो. उदाहरणार्थ, २०१६ मध्ये यूसीएलएनं अंडर आर्मरशी १५ वर्षांचा २८ कोटी डॉलर्सचा करार केला (२०२० मध्ये कंपनीनं तो सोडून दिला). आता समजा, 'अ' ब्रँडवाल्या कॉलेजात दुखापती कमी निघाल्या. ते बुटामुळे, की कोचमुळे, की कोर्ट चांगलं म्हणून, की फिजिओ पूर्णवेळ म्हणून? वेगळं काढताच येत नाही. शिवाय एकाच ब्रँडचे डझनभर मॉडेल्स असतात आणि ते सारखे बदलतात. म्हणजे 'ब्रँड' हा व्हेरिएबलच चुकीचा आहे. विचारायला हवं ते हे, की बुटाच्या कुठल्या गुणामुळे फरक पडतो: कॉलरची उंची, सोलची पकड, की गादी?

उंच कॉलरनं घोटा वाचतो?

माझ्या डब्यावर लिहिलेला दावा हाच. १९९३ मध्ये यावर एक सुंदर प्रयोग छापून आला. कॉलेजात बास्केटबॉल खेळणाऱ्या ६२२ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं: उंच कॉलरचे बूट, हवा भरायची सोय असलेले उंच कॉलरचे बूट, आणि आखूड कॉलरचे बूट. सगळ्यांना नवे जोड. एकूण ३९,३०२ मिनिटांच्या खेळात घोट्याच्या १५ दुखापती झाल्या, अनुक्रमे ७, ४ आणि ४. गटागटांतला फरक योगायोगापलीकडचा म्हणता येईल असा नव्हता.

आता कॅल्क्युलेटर काढा. ३९,३०२ मिनिटं म्हणजे साधारण ६५५ तास. म्हणजे सुमारे ४४ तासांच्या खेळात एक दुखापत. सहाशे लोकांच्या प्रयोगात एकूण १५! मग 'माझ्या मित्राचा पाय अमुक ब्रँडमुळे वाचला' याला किती अर्थ उरला? आमच्या टीमच्या १२ जणींवरून तर काहीच सिद्ध होत नाही. कॅप्टनचे जुने शूज चांगले, असंही नाही.

कॉलर का पुरी पडत नाही ते आपल्या फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सनं कळतं. माझं वजन ५५ किलो. उडीवरून खाली येताना वजनाच्या तिप्पट बल आलं असं धरा, म्हणजे सुमारे १६०० न्यूटन. पाय दुसऱ्याच्या बुटावर पडून ते बल घोट्याच्या मध्यापासून फक्त २ सेंटिमीटर बाजूला गेलं, तरी मोमेंट झाला ३२ न्यूटन-मीटर. एवढा मोमेंट कापड आणि फोमची कॉलर कशी अडवणार? आणि सोल जितका जाड, तितका घोटा जमिनीपासून वर, म्हणजे पाय कलंडला की मोमेंट आर्म आणखी मोठा. स्नायू सावरायला लागेपर्यंत पाय वळून झालेला असतो.

पकड जास्त की कमी?

मला वाटायचं, ग्रिप जितकी जास्त तितकं चांगलं. पण पाय जमिनीला घट्ट चिकटला आणि शरीर वळलं, तर तो टॉर्क कुठेतरी जाणारच. तो जातो गुडघ्यात. फिलाडेल्फियाच्या शाळांमधल्या फुटबॉल खेळाडूंवर (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) टॉर्ग आणि क्वेडनफेल्ड यांचा अभ्यास १९७१ मध्ये आला. ७ लांब स्टड असलेल्या बुटांऐवजी १४ आखूड स्टडचे बूट दिले, तर गुडघ्याच्या दुखापतींची संख्या आणि तीव्रता दोन्ही कमी झाली. पुढे १९८९ ते १९९१ या काळात ३,११९ शालेय खेळाडूंवर लक्ष ठेवलं गेलं. ज्या बुटांच्या कडेनं लांब स्टड होते, त्यांच्यात एसीएल लिगामेंट फाटायचं प्रमाण बाकीच्या डिझाइन्सच्या तिपटीहून जास्त निघालं.

म्हणजे बघा, बुटामुळे दुखापतीत फरक पडतो, हे खरं आहे. पण तो पडला स्टडच्या रचनेमुळे. बाजूला छापलेल्या लोगोमुळे नाही.

किंमत आणि गादी

स्कॉटलंडमधल्या डंडीत २००८ मध्ये तीन ब्रँडचे रनिंग शूज तीन किमतींत (४०-४५, ६०-६५ आणि ७०-७५ पौंड) घेऊन तळपायावरचा दाब मोजला. स्वस्त आणि मध्यम किमतीचे शूज महागड्यांच्या तोडीस तोड निघाले! अमेरिकन लष्करात नवीन भरती झालेल्यांना तळपायाच्या आकारानुसार खास शूज देऊन पाहिले. सगळ्यांना एकाच प्रकारचे शूज दिलेल्या गटापेक्षा दुखापती कमी झाल्या नाहीत.

पण गादीला अजिबात अर्थ नाही असंही नाही हं. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंना दिसायला अगदी सारखे शूज दिले, काहींचा मधला सोल मऊ, काहींचा कडक. कोणाला कोणते हे त्यांना माहीत नव्हतं. कडकवाल्यांमध्ये दुखापतीचा धोका सुमारे दीडपट निघाला (हा निष्कर्ष २०२० मध्ये आला). गंमत म्हणजे बाहेरून बघून दोन्ही जोड ओळखताही येत नव्हते. आणि ही गादी कायमची नसते. इव्हीएचा फोम हजारो वेळा दाबला गेला की दमतो, आपल्या फटीग टेस्टसारखा. वरून बूट नवाकोरा दिसतो, आतून गादी संपलेली असते.

मग माझा पाय का गेला?

याचं उत्तर मला ऑस्ट्रेलियातल्या २००१ च्या एका अभ्यासात सापडलं. बास्केटबॉल खेळताना तब्बल १०,३९३ वेळा घेतलेल्या नोंदींवरून त्यांनी घोटा मुरगळण्याची कारणं शोधली. मॅचआधी स्ट्रेचिंग न करणाऱ्यांना धोका २.६ पट. टाचेत हवेची पोकळी असलेले बूट घालणाऱ्यांना ४.३ पट (हो, माझ्यासारखे!). पण सगळ्यात वरचं कारण होतं, आधी कधीतरी मुरगळलेला घोटा. अशांना धोका जवळजवळ पाचपट.

हे वाचून मी गप्प बसले. बारावीत असताना माझा हाच डावा घोटा जिन्यात मुरगळला होता. चार दिवसांत सूज उतरली, मी व्यायाम वगैरे काही केला नाही, आणि विसरून गेले. साडेपाच हजारांचे शूज घेताना दुकानदारानं माप विचारलं, रंग विचारला. आधी लागलंय का, हे कोणीच विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

उपाय काय?

उपाय आहेत, आणि ते स्वस्त आहेत. २००९-१० च्या सीझनमध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात शाळेत बास्केटबॉल खेळणाऱ्या १,४६० मुलामुलींपैकी निम्म्या गटाला लेस बांधायचे अँकल ब्रेस दिले. घोट्याच्या दुखापती दर हजार एक्स्पोजरमागे १.४१ वरून ०.४७ वर, म्हणजे एक तृतीयांशावर आल्या. (पाय मुरगळलाच तर तो कमी मुरगळतो असं मात्र दिसलं नाही.) आणि त्याआधी, २००६ मध्ये, ७६५ शालेय खेळाडूंच्या अभ्यासात एका पायावर तोल सांभाळायच्या व्यायामानं घोटा मुरगळण्याचं प्रमाण ९.९ टक्क्यांवरून ६.१ टक्क्यांवर आलं. एका पायावर उभं राहायला पैसे पडत नाहीत!

यंदा जिमखान्याकडे टीमसाठी तीस हजार आहेत. सगळ्यांना वाटत होतं की त्यात एकाच ब्रँडचे शूज घ्यावेत, फोटोत छान दिसतील. मी आणि कॅप्टननं वेगळा अर्ज दिलाय: १२ जणींना ब्रेस, आणि उरलेल्या पैशांत बास्केटखालच्या कोर्टच्या भेगा बुजवायच्या. शिवाय प्रॅक्टिसआधी दहा मिनिटं तोल सांभाळायचा व्यायाम. अर्ज मंजूर झालेला नाही. अर्धी टीम माझ्यावर रुसली आहे. असो.

आणि त्या ज्युनिअरला मी गाठून सांगितलं, "मी तुला चुकीचं सांगितलं होतं. बोनसची वाट बघू नकोस. तुझ्या बुटाचा सोल गुळगुळीत झालाय, तो जोड मात्र बदल. संध्याकाळी दुकानात जा, खेळायचे मोजे घालून, दोन्ही पायांत घालून बघ, टाच सरकते का बघ. आरामात वाटेल तो घे, नाव कुठलंही असू दे." तिनं साडेआठशेचे घेतले.

मग तिनं विचारलं, "ताई, आणि तू?" मी माझेच घालते. साडेपाच हजार गेलेत, बाबा विचारतात! पण आता आत ब्रेस असतो, आणि रोज सकाळी ब्रश करताना मी डाव्या पायावर उभी असते. होस्टेलमधल्या मुली हसतात. हसू देत.