झेप दिसते, उंदीर दिसत नाही

हिवाळा आला की एक फोटो हमखास मोबाइलवर फिरायला लागतो. पांढरंशुभ्र माळरान, त्यात करड्या-तपकिरी रंगाचा एक प्राणी, मागचे पाय हवेत आणि तोंड कानांपर्यंत बर्फात खुपसलेलं. यंदा एका वाचकाने तो पाठवून विचारलं, ‘हा कोल्हा का? आणि फोटो खरा की एआयने केलेला?’ कोल्हा नव्हे, त्याचा अमेरिकी भाऊबंद कायोटी. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून किरकोळ. फोटोच्या खरेपणावर मी पैज लावणार नाही. दृश्य मात्र सोळा आणे खरं आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, विशेषतः तिथल्या लमार खोऱ्यात, ते हिवाळाभर चालू असतं.

लमारच का, तर बर्फ पडला की उद्यानातले बहुतेक रस्ते साध्या गाड्यांना बंद होतात. गार्डिनरहून कुक सिटीकडे जाणारा उत्तरेचा तेवढा एक रस्ता वाहता राहतो आणि तो या खोऱ्यातून जातो. साहजिकच लांबलचक लेन्सवाल्यांची गर्दी तिथेच. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं जग सरासरी राखाडी आहे असं गृहीत धरतो. ताजा बर्फ अंगावर आलेल्या प्रकाशापैकी ऐंशी-नव्वद टक्के परत फेकतो, हे त्याच्या गावीही नसतं. त्याच्यावर विसंबलात तर बर्फ मळका येतो आणि कायोटी काळाठिक्कर. म्हणून जाणकार एक ते दोन स्टॉप एक्स्पोजर मुद्दाम वाढवतात. दुसरा सापळा गाडीतच असतो. हीटर चालू ठेवून खिडकीतून लेन्स बाहेर काढली, की आतली ऊबदार हवा बाहेरच्या गोठलेल्या हवेत मिसळताना थरथरते आणि हजारो डॉलरच्या लेन्समधून फोटो धूसर येतो. माणूस बिचारा लेन्सला दोष देत बसतो!

झेपेचा क्षण मात्र आधी कळतो. चालता चालता कायोटी एकदम थिजतो. दोन्ही कान पुढे वळतात, डोकं एकदा डावीकडे कलतं, एकदा उजवीकडे. मागचे पाय हळूच पोटाखाली येतात. मग तो उंच कमान घेत उडतो आणि नाकपुढे बर्फात शिरतो. सगळा मामला सेकंदाभराचा. या वेळी तो पाहत काहीच नसतो, कारण पाहण्यासारखं समोर काही नसतंच. तो ऐकत असतो.

ऐकतो काय? व्होल नावाच्या आखूड शेपटीच्या उंदरांची खुडबुड. बर्फाचा थर वीतभर झाला की जमिनीची ऊब खाली अडकते. वर उणे तीस अंश असले तरी तळाशी तापमान शून्याच्या आसपास राहतं. तळच्या बर्फाची वाफ होऊन ती वर सरकते, पुन्हा गोठते आणि जमिनीलगत ठिसूळ, पोकळ थर तयार होतो. व्होल त्यात बोगदे काढून, सुकलेलं गवत कुरतडत हिवाळा काढतात. बर्फाच्या या दुनियेकडे जीवशास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं ते रशियाच्या अलेक्सांद्र फोर्मोझोव्हने, १९४६ सालच्या एका प्रबंधात.

आता खरी गंमत. बर्फात ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे बर्फातून बाहेर पडताना ध्वनी वाकतो आणि तिरक्या बाजूने ऐकणाऱ्याला त्याचा उगम भलतीकडेच वाटतो. बादलीच्या तळाशी पडलेलं नाणं आहे त्या जागी दिसत नाही, तसंच हे. फक्त डोळ्यांऐवजी कान फसतात. बरोबर डोक्यावरून पाहिलं तर मात्र नाणं जागच्या जागी असतं. अमेरिकेच्या ख्रिस्तोफर क्लार्क यांनी सहकाऱ्यांसह कॅनडातल्या मॅनिटोबात याची मोजमापं केली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडला, की ग्रेट ग्रे घुबड बर्फावर घिरट्या घालत थांबतं ते याचसाठी: थेट वरून ऐकलं की फसगत टळते. कायोटीला पंख नाहीत, तरंगता येत नाही. त्याला तिरक्या बाजूनेच ऐकावं लागतं. तरी त्याला उंदीर सापडतो. बर्फ नसताना हाच प्राणी डोळ्यांवर जास्त विसंबतो. मायकेल वेल्स आणि फिलिप लेनर यांनी १९७८ मध्ये कायोटींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यात पहिला क्रम दृष्टीचा लागला, मग श्रवणाचा, मग वासाचा.

इथे कुणीतरी ‘चुंबकीय होकायंत्रा’ची गोष्ट सांगतोच, म्हणून आधीच सांगून टाकतो. चेक प्रजासत्ताकातल्या यारोस्लाव चेर्वेनी यांच्या गटाने २०११ मध्ये तांबड्या खोकडांच्या सुमारे ६०० झेपा तपासल्या. भक्ष्य दिसत नसताना ईशान्येच्या रोखाने मारलेल्या झेपा चारपैकी जवळपास तीन वेळा यशस्वी ठरल्या होत्या, इतर बहुतेक दिशांना फारच कमी. निरीक्षण विलक्षण आहे. पण ते खोकडाचं आहे, कायोटीचं नाही. आणि निरीक्षण म्हणजे प्रयोग नव्हे. चुंबकीय क्षेत्र मुद्दाम फिरवलं तर झेपही फिरते का, हे पाहिल्याशिवाय कायोटीच्या डोक्यात होकायंत्र बसवायची घाई कशाला?

या सगळ्या झगमगाटात ज्याचं नाव कुणी घेत नाही, तो माझा आवडता माणूस म्हणजे जीवशास्त्रज्ञ अडॉल्फ मुरी. यलोस्टोनमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-साडेतीन दशकांत उद्यानाच्याच कर्मचाऱ्यांनी चार हजारांहून जास्त कायोटी मारले. हरणं वाचवायची, हा हेतू. १९३५ मध्ये ही कत्तल थांबली, पण पुन्हा सुरू करा म्हणणारे थोडे नव्हते. मग मुरीला पाठवलं, खरं काय ते बघायला. १९३७ ते ३९ या काळात त्याने कायोटीची विष्ठा गोळा केली. एकदोन नव्हे, पाच हजारांहून जास्त नमुने! प्रत्येक नमुना फोडायचा, केस, हाडं, दात वेगळे करायचे, कोणाचे ते ओळखायचे. त्यात दोरी, कापड, कागद, चामडंही निघालं. पहिला नंबर लागला शेतातल्या उंदरांचा, एकूण नोंदींपैकी सुमारे एक तृतीयांश. त्याखालोखाल पॉकेट गोफर हा बिळं करणारा कुरतडा प्राणी. एल्क हरणांचं मांस होतं, पण बहुतांशी आधीच मेलेल्या जनावरांचं. १९४० च्या अहवालात मुरीने निवाडा दिला: हरणांच्या संख्येवर कायोटीचा म्हणण्यासारखा परिणाम नाही. अनेकांना तो रुचला नाही, पण उद्यानात कत्तल पुन्हा सुरू झाली नाही. लमारमध्ये आज रस्त्याकडेने तिवया लागतात, त्यामागे विष्ठा निवडत बसलेल्या या माणसाचा वाटा मोठा आहे.

फोटो काढणाऱ्यांनी एवढं पथ्य पाळावं, की जनावराला खायला घालू नये. एकदा गाडीतून तुकडा मिळाला की कायोटी उंदीर सोडून गाड्यांमागे लागतो, धीट होतो, आणि मग त्याला हुसकावणं किंवा मारणं भाग पडतं.

मुरीचा निवाडा उद्यानाच्या कुंपणापलीकडे मात्र पोचलेला नाही. अमेरिकी केंद्र सरकारचं वन्यप्राणी नियंत्रण खातं आजही दरवर्षी हजारो कायोटी मारतं, बहुतेक वर्षी पन्नास हजारांच्या वर. तरी हवाई सोडून सगळ्या राज्यांत हा प्राणी पसरला आहे. म्हणजे मारण्याने संख्या आटोक्यात येते हा दावाही तपासण्यासारखाच. उद्यानाची उत्तर हद्द ओलांडली की लागतं मोंटाना राज्य, आणि तिथे कायोटी मारायला बाराही महिने मोकळीक आहे.