दर 21 दिवसांचे इंजेक्शन

घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी मुलाला ताप येतो, गुडघा सुजतो. तो उतरतो न उतरतो तोच घोटा सुजतो. 5 ते 15 वर्षे वयात प्रामुख्याने आढळणारा हा र्‍हुमॅटिक फीवर, अर्थात संधिवाताचा ताप. सांधे पूर्ववत होतात. हृदयाची झडप मात्र कायमची बिघडू शकते. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग पुन्हा झाल्यास आजार उलटतो आणि झडपेची हानी वाढत जाते. ती रोखण्यासाठी दर 21 दिवसांनी बेन्झाथिन पेनिसिलिन देतात. मात्रा मोठ्यांस 12 लाख युनिट, लहान मुलांस 6 लाख.

हे औषध स्नायूत साठून सावकाश रक्तात उतरते. म्हणून ते खोल स्नायूतच द्यावयाचे, शिरेत कदापि नाही. द्रावण दाट, सुई जाड. त्यामुळे एक-दोन दिवस जागा ठणकते.

खरी धास्ती ‘रिअ‍ॅक्शन’ची. तिच्यापायी अनेक दवाखाने हे इंजेक्शन देण्याचेच टाळतात. भीती निराधार नाही, पण प्रमाणाबाहेर आहे: तीव्र अ‍ॅलर्जी दर 10 हजार इंजेक्शनांमागे एक ते तीन वेळा उद्भवते. अंगावर गांध्या उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे, रक्तदाब घसरणे ही तिची लक्षणे. तत्काळ मांडीत अ‍ॅड्रिनलिन दिल्यास जीव वाचतो. म्हणून ते हाताशी असेल तेथेच इंजेक्शन घ्यावे व अर्धा तास तेथेच थांबावे. त्वचेवरील चाचणी निर्धोक निघाली तरी ही काळजी सुटत नाही.

उपाशीपोटी, घाबरलेले मूल सुई टोचताच पांढरे पडते, घामाघूम होते आणि आडवे केल्यावर सावरते. ही भोवळ असते, अ‍ॅलर्जी नव्हे. तरीही कागदावर ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ असे लिहिले जाते आणि सर्वांत गुणकारी औषध त्या मुलाला कायमचे दुरावते. माझ्या मते इंजेक्शनच्या दुष्परिणामांहून हा शेरा अधिक नुकसान करतो. खरी अ‍ॅलर्जी असल्यास एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या आहेत. झडपेचा विकार फार बळावला असेल, तर इंजेक्शनऐवजी गोळ्या द्याव्यात का, हे हृदयरोगतज्ज्ञाने ठरवावे.

हृदय निर्दोष असल्यास किमान 5 वर्षे किंवा वयाच्या 18व्या वर्षापर्यंत, यांतील अधिक असेल तो काळ इंजेक्शन घ्यावे लागते. झडप बिघडली असल्यास चाळिशीपर्यंत, क्वचित आजन्म. मुलींच्या बाबतीत लग्नानंतर गाव बदलते आणि क्रम तुटतो. त्यातच गरोदरपणाचा ताण हृदयावर येतो. गरोदरपणातही हे इंजेक्शन चालू ठेवता येते. तारखांचे कार्ड तिने माहेरच्या कपाटात न ठेवता सासरी सोबत न्यावे.