चार-चार औषधं कशाला? मुलांच्या ब्लड कॅन्सरमागचं गणित

पालघर, बोईसर-तारापूर भागातली अनेक कुटुंबं मुलाच्या कॅन्सरवरील उपचारांसाठी परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय गाठतात. मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो तो एएलएल प्रकारचा ब्लड कॅन्सर. त्याच्या उपचारांबद्दलचे काही गैरसमज पाहू.

गैरसमज : एकच भारी औषध पुरे. चार-चार औषधं म्हणजे मुलावर प्रयोग.

वस्तुस्थिती : निदानाच्या वेळी शरीरात सुमारे एक लाख कोटी कॅन्सरपेशी असू शकतात. समजा, दर दहा लाखांत एक पेशी एका औषधाला दाद देत नाही. मग त्या औषधाला पुरून उरतील दहा लाख पेशी. वेगळ्या पद्धतीने मारणारं दुसरं औषध जोडलं, तर दोन्हींना न जुमानणारी जेमतेम एक. तिसरं जोडलं, की तीही उरण्याची शक्यता दहा लाखांत एक. औषधांना न जुमानणाऱ्या पेशींचं हे गणित गोल्डी आणि कोल्डमन या संशोधकांनी १९७९ मध्ये मांडलं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याआधीच, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, चार औषधं एकत्र देऊन पाहिली होती. त्यातलं विंक्रिस्टीन अंगणातल्या सदाफुलीपासून मिळतं.

गैरसमज : रिपोर्ट नॉर्मल आला, पोर खेळायला लागलं, आता किमो थांबवली तरी चालेल.

वस्तुस्थिती : औषधाचा प्रत्येक डोस पेशींचा ठरावीक हिस्सा मारतो, असं संशोधक हॉवर्ड स्किपर यांनी १९६४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवलं. लाख कोटींपैकी ९९.९ टक्के पेशी मेल्या, तरी शंभर कोटी उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सहज सापडत नाहीत. म्हणून उपचार दोन ते तीन वर्षं चालतात.

गैरसमज : आता उपचार कॉम्प्युटरच ठरवतो.

वस्तुस्थिती : गणिती मॉडेल औषधांची जोडी आणि दोन डोसांमधलं अंतर सुचवतं. मुलाला ते सोसतं का, हे रुग्णांवरील चाचण्यांतच कळतं. टाटा मेमोरियल, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईचं कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी १९८० च्या दशकात एमसीपी-८४१ ही अनेक औषधांची एकसारखी उपचारपद्धती राबवली, तेव्हा बऱ्या होणाऱ्या मुलांचं प्रमाण दुपटीहून वाढलं. श्रीमंत देशांत आज एएलएल झालेल्या दहापैकी सुमारे नऊ मुलं बरी होतात.

बुडणारी मजुरी, लोकलच्या फेऱ्या किंवा खर्च यांमुळे डोस चुकणार असेल, तर आधीच रुग्णालयातल्या समाजसेवकांशी बोला आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. डॉक्टरांनी सांगेपर्यंत उपचार मध्येच सोडू नका.