परकीय विद्येची वंशावळ

परधर्मीयांची विद्या आपल्या परंपरेत घ्यावयाची झाली म्हणजे बहुधा तिला प्रथम आपले कुलगोत्र द्यावे लागते. युरोपीय प्रबोधनकाळातील ख्रिस्ती पंडितांनी यहुद्यांच्या कब्बालेशी जो व्यवहार केला, त्याचे मर्म हेच होय.

कब्बाला ही यहुद्यांची गूढविद्या. अनंत ईश्वर दहा 'सेफिरोत्'च्या द्वारा प्रकट होतो आणि हिब्रू अक्षरे ही सृष्टीचीच घटकद्रव्ये आहेत, अशी तिची धारणा. आपल्या तंत्रग्रंथांतील मातृकांचे स्मरण वाचकास सहज व्हावे. पिको देल्ला मिरांदोला या तरुण इटालियन पंडिताने 1486 मध्ये जी 900 प्रमेये रोम येथे वादासाठी प्रसिद्ध केली, त्यांत कब्बालेवरील प्रमेयेही होती. सिनाई पर्वतावर मोशेला नियमशास्त्राबरोबर त्याचा गूढार्थही लाभला व तो मुखपरंपरेने उतरत आला, हे यहुदी मत पिकोने मान्य केले. आणि त्या गूढार्थात त्याला त्रैक्य व ख्रिस्त आढळले. म्हणजे ही विद्या मूळचीच ख्रिस्ती ठरली! पोपने हा वाद होऊ दिला नाही, ही गोष्ट निराळी. पिकोसाठी हिब्रू ग्रंथांची लॅटिन भाषांतरे करणारा फ्लाविउस मिथ्रिदातेस हा धर्मांतरित यहुदी होता, आणि त्याने भाषांतरांत ख्रिस्ती अर्थाची भर घातल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. शोधकाला जे सापडावयाचे होते, ते भाषांतरकाराने आधीच पेरून ठेवले होते.

जर्मन पंडित रॉयखलिन याने 1494 मध्ये ईश्वराच्या चतुरक्षरी हिब्रू नामाच्या मध्यभागी 'शिन' हे अक्षर घालून येशूचे नाव सिद्ध केले. मात्र 1510 मध्ये यहुद्यांचे ग्रंथ नष्ट करण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा त्याला विरोध करणाराही तोच.

अशीच वंशावळ आपल्याकडेही रचली गेली. जयपूरच्या चारदीवारीतील जंतरमंतर उभारणारे सवाई जयसिंग यांच्या आश्रयास जगन्नाथ सम्राट हे पंडित होते. परंपरा त्यांना महाराष्ट्रीय मानते. 1727 मध्ये नगर वसण्यापूर्वीच त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली, ती 'रेखागणित' या नावाने. आरंभीच्या श्लोकांत युक्लिडचे नाव नाही. हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्यास सांगितले, कालांतराने ते लुप्त झाले आणि जयसिंगांच्या आज्ञेने पुन्हा प्रकट होत आहे, असे तेथे म्हटले आहे. पिकोचा सिनाई आणि जगन्नाथांचा ब्रह्मदेव यांचे कार्य एकच.

परंतु साम्य येथेच संपते. 'शिन' घातल्याने नामाचा अर्थच पालटला; विश्वकर्म्याचे गोत्र लावल्याने त्रिकोणाचा एक कोनही पालटला नाही. शिवाय टॉलेमीच्या ग्रंथावरून 1732 च्या सुमारास रचलेल्या 'सम्राट्सिद्धान्ता'त जगन्नाथ स्पष्ट सांगतात, की अरबीत 'मिजास्ती' नावाचा ग्रंथ आहे व तो आपण गणकांसाठी संस्कृतात प्रकट करीत आहोत. येथे ब्रह्मदेवास पाचारण केलेले नाही. आणि मौज अशी, की हे 'मिजास्ती' नावही अरबांनी ग्रीकांकडून उचललेले होते.