जखम भरणारी पेप्टाइडे : प्रयोगशाळा आणि आपण

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक क्षेत्रातील रसायनांच्या व औषधी घटकांच्या कारखान्यांत आपल्या अनेक कुटुंबांतील माणसे पाळीवर जातात. 'पेप्टाइड' हा शब्द त्यांना अपरिचित नाही. अलीकडे तो व्यायामशाळांतूनही ऐकू येतो. म्हणून त्याविषयी चार गोष्टी येथे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

अमिनो आम्ले एकापुढे एक गुंफली की साखळी तयार होते. लहान साखळीस पेप्टाइड, तर मोठ्या व विशिष्ट घडी पडलेल्या साखळीस प्रथिन म्हणतात. जखम झाली की शरीर अशाच साखळ्यांच्या द्वारे पेशींना निरोप धाडते. कित्येकदा प्रथिनाचा नेमका निरोप त्याच्या लहानशा अंशात सामावलेला असतो. फायब्रोनेक्टिन या प्रथिनातील अवघ्या चार अमिनो आम्लांच्या तुकड्याला पेशी चिकटतात, हे १९८४ मध्ये दाखवले गेले. असा तुकडा कृत्रिमरीत्या घडवून ऊतींची दुरुस्ती अभ्यासता येते.

घडवण्याची रीत ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये दिली. त्यासाठी त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. राळेच्या मण्यावर पहिले आम्ल बसवायचे, मग एकेक जोडत व धूत जायचे. प्रत्येक जोडणी ९९ टक्के साधली, तरी १४ जोडण्यांनंतर १०० पैकी सुमारे ८७ साखळ्याच निर्दोष उरतात. म्हणून शुद्धीकरण हेच खरे कसोटीचे काम असते.

महाराष्ट्रातही हे संशोधन चालते. पवईच्या आयआयटी मुंबईतील प्रा. समीर माजी यांच्या गटाने कृत्रिम पेप्टाइडांपासून मऊ जेल तयार केले. मूळ पेशींना चेतापेशींकडे वळवण्यास ते साहाय्य करते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात दिसते. ही परीक्षा पेशींवर व उंदरांवर झाली. उंदरापासून रुग्णापर्यंतची वाट मात्र दीर्घ असते.

ही वाट टाळून काहीजण 'केवळ संशोधनासाठी' असे लिहिलेल्या कुप्या मागवून टोचून घेतात. स्नायू व कंडरा लवकर भरून येतील, ही त्यांची आशा. १५ अमिनो आम्लांचे बीपीसी-१५७ हे त्यांतील प्रसिद्ध नाव. त्यावरील बहुतेक पुरावा प्राण्यांवरील प्रयोगांचा आहे. २०२२ पासून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने खेळाडूंसाठी ते निषिद्ध ठरवले आहे. शिवाय कुपीवरील '९८ टक्के शुद्ध' या शब्दांचा अर्थ निर्जंतुक असा होत नाही. उरलेले दोन टक्के कशाचे, हेही त्यावरून कळत नाही.

तेव्हा पालकांना व तरुण माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच, की दुखापतीवर वैद्यांचा सल्ला घ्यावा आणि टोचण्यापूर्वी औषधास मान्यता आहे काय, हे विचारावे. संशोधनाविषयी कुतूहल असणाऱ्यांनी मात्र रसायनशास्त्राचा अभ्यास आवर्जून करावा. पेप्टाइडांचे खरे स्थान प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे, आणि त्या टेबलापाशी आपल्या शाळेची मुले उभी राहावीत, ही आमची इच्छा आहे.